विमान अडीच तासांचे, वाट अठरा तासांची



हे पान शेतीचे. या दिवसांत खरे म्हणजे हरभऱ्यावर लिहायला हवे होते. पण मागच्या पंधरवड्यात अहमदपूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले, आणि त्यातला प्रश्न असा आहे की तो पुढच्या हंगामावर ढकलता येत नाही. त्या लिहितात, ‘आमचे मालक वर्षभरापासून अंथरुणाला खिळून आहेत. एकुलता एक मुलगा फौजेत, अमृतसरजवळच्या छावणीत. दोन मुली, एक लातूरला दिली, एक पुण्याला. भावकीतले सगळे म्हणतात, काही बरेवाईट झालेच तर पोरगा विमानाने अडीच तासांत येतो, त्याच्यासाठी थांबायचे. मला काही ते खरे वाटत नाही. तुम्ही हिशेब करून सांगा. आधी कळलेले बरे.’

बाईंनी रोखठोक विचारले आहे, तर उत्तरही तसेच देतो. विमान अडीच तासांचे, हे खरे. मुलगा अडीच तासांत दारात, हे खरे नाही. बियाण्याच्या पिशवीवर एकरी उतारा छापलेला असतो. तो खोटा नसतो, पण तो त्यांच्या प्रक्षेत्रावरचा असतो. आपला उतारा आपल्या खळ्यावर कळतो. विमानाच्या वेळापत्रकातले तास हे पिशवीवरचे तास आहेत. खळ्यावरचे तास आपले आपण मोजायचे. ते कसे मोजायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी अंतर पाहू. घरात पोरांचे भूगोलाचे पुस्तक असेल ते काढा. नकाशावर आडव्या रेघा असतात, त्यांना अक्षांश म्हणतात. नांदेड १९ अंशाच्या किंचित वर आहे. अमृतसर साडेएकतीसच्या थोडे वर. म्हणजे फरक साडेबारा अंशांचा. उत्तर-दक्षिण एका अंशाला जमिनीवर १११ किलोमीटर धरतात. साडेबाराला १११ ने गुणा, १,३९० च्या आसपास येतात. अमृतसर अगदी नाकासमोर नाही, अडीच अंश पश्चिमेला सरकलेले आहे, म्हणून शेताच्या कर्णासारखे थोडे तिरके मोजायचे. तसे मोजले की नांदेड ते अमृतसर सरळ रेषेत सुमारे १,४१५ किलोमीटर भरतात. लातूरपासून मोजाल तर ते ऐंशीच्या आसपास, १,४८० धरा. नकाशा उघडलाच आहे तर आणखी एक गंमत पाहून घ्या. बंगळूर, नांदेड आणि दिल्ली ही तिन्ही शहरे जवळजवळ एकाच उभ्या रेघेवर आहेत. दिल्ली आपल्या अगदी डोक्यावर, साधारण १,०५० किलोमीटर. आपल्याला मुंबई जवळची वाटते आणि दिल्ली दुसऱ्या जगातली वाटते, पण नांदेडपासून आकाशातून पाहिले तर दिल्ली मुंबईच्या अडीचपटीपेक्षा फार लांब नाही.

आता वेळ. मोठे विमान पूर्ण वेगात आले की तासाला आठशे किलोमीटर आणि त्याहून जास्त तोडते. त्या हिशेबाने १,४१५ किलोमीटरला पावणेदोन तास पुरायला हवेत. मग वेळापत्रकात सव्वादोन-अडीच का लिहितात? कारण विमान सगळा वेळ पूर्ण वेगात नसते. धावपट्टीवर रांगेत थांबते, वर चढायला वीस-पंचवीस मिनिटे घेते, उतरण्याआधी वेग कमी करून वळसे घेते. औत हाकणाऱ्याला हे सांगायला नको. सरळ तासात बैल झपाझप चालतात, वेळ जातो तो धुऱ्याशी वळण्यात. शेत जितके तोकडे तितकी वळणे जास्त. म्हणूनच नांदेड-हैदराबाद हे सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरसुद्धा नसलेले अंतर पंख्याच्या लहान विमानाला पाऊण-एक तास घेते, आणि त्याच्या सहापट लांबच्या अमृतसरला सहापट वेळ लागत नाही.

रेल्वेचा हिशेब वेगळा, कारण रूळ सरळ रेषा ओळखत नाहीत. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे, काहींनी तिने प्रवासही केला आहे. अमृतसर आहे उत्तरेला, पण ही गाडी आधी पश्चिमेला निघते. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत मनमाडला पोचते आणि तिथे कुठे उत्तरेचा रस्ता धरते. भुसावळ, इटारसी, भोपाळ, आग्रा, दिल्ली, अंबाला, लुधियाना, जालंधर, आणि मग अमृतसर. आकाशातले चौदाशे पंधरा किलोमीटर रुळावर दोन हजारांवर जातात, आणि वेळ लागतो दीड दिवसाच्या आसपास. या गाडीची एक गोष्ट मात्र देशात दुसरीकडे सहसा सापडत नाही. वाटेतल्या काही स्थानकांवर शीख मंडळी लंगरची डाळ-भाजी घेऊन उभी असतात आणि डब्यातल्या प्रत्येकाला, तो कोण कुठला न विचारता, वाढतात. दीड दिवसाचा प्रवास त्यामुळे थोडा हलका होतो. पण लांबी लांबीच असते.

हा नांदेड-अमृतसरचा धागा आजचा नाही. शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंगजी, १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर गोदेच्या काठी आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडलाच त्यांचा अंत झाला. त्याच्याही साडेतीनशे-चारशे वर्षे आधी आपल्या नर्सीचे नामदेव महाराज भजन करत पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि २०१५ मध्ये आपले मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले होते. नामदेव महाराज चालत गेले. आषाढीच्या वारीत पालखी अडीचशे किलोमीटरला अठरा-वीस दिवस घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या चालीने रस्त्याचे अठराशे किलोमीटर मोजले तर जवळजवळ पाच महिने होतात. पेरणीला निघालेला माणूस रब्बीच्या पेरणीला पोचेल. तेव्हा घरी कोणी आजारी पडले तर जाणाऱ्याला कळायचेच नाही, आणि कळले तरी थांबण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न निर्माण झाला तो वेग वाढल्यावर.

आता भावकीच्या तोंडी असलेला हा ‘अडीच तास’ आला कुठून, ते सांगतो. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी नांदेडचे विमानतळ नव्याने सजले. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाचे नांदेड-अमृतसर असे थेट विमान सुरू झाले. ते आठवड्यातून मोजक्याच दिवशी होते, पण थेट होते. सकाळी इथे, दुपारी सुवर्णमंदिरात. ज्यांनी त्या विमानाने प्रवास केला त्यांनी गावात येऊन सांगितले, आणि तो आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसला. ते विमान पुढे टिकले नाही. हैदराबादचे विमान चालवणारी कंपनीही २०२२ मध्ये बंद पडली. २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने नांदेडहून बंगळूर, हैदराबाद, दिल्लीजवळचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर अशी विमाने सुरू केली. लातूरची गोष्ट तर आणखी वेगळी. धावपट्टी आहे, इमारत आहे, मंत्र्यांची विमाने उतरतात, पण तुम्ही-आम्ही तिकीट काढून बसावे असे रोजचे विमान तिथून नाही.

यातून घ्यायचे ते एवढेच, की लहान गावच्या विमानाला एस.टी.ची फेरी समजू नये. आज असते, सहा महिन्यांनी नसते. आठवड्यातले काही वार असते, बाकीचे वार नसते. गेल्या वर्षी कोणी गेला म्हणून यंदा ते आहेच, असे धरू नका. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी विचारायचे. तेव्हा वाईटातला वाईट हिशेब धरून चालू, म्हणजे नांदेडचे विमान त्या दिवशी नाहीच असे समजू.

सकाळी सहा वाजता मुलाला फोन गेला. छावणीत साहेबांना सांगायचे, सुट्टीचा कागद हातात पडायचा, दोन तास गेले. छावणीतून अमृतसरच्या विमानतळावर यायला एक तास. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचावे लागते, कारण सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधीच बंद होते आणि झडतीची रांग वेगळी. अमृतसर ते दिल्ली सव्वा तास. दिल्लीत विमान बदलायचे, पुढच्या विमानाची वाट पाहायची, तीन तास. दिल्ली ते हैदराबाद सव्वादोन तास. उतरून, सामान घेऊन बाहेर यायला पाऊण तास. तिथून मोटार. जहीराबाद, बिदर, उदगीर करत अहमदपूरकडचे गाव गाठायला सहा तास. आता बेरीज करा. सव्वाअठरा तास. म्हणजे सकाळी सहाला निघालेला निरोप रात्री सव्वाबाराला मुलाच्या रूपाने दारात येतो, आणि तेही सगळी विमाने जिथल्या तिथे जुळली तर. या सव्वाअठरा तासांत मुलगा हवेत किती वेळ आहे? फक्त साडेतीन तास. बाकी पावणेपंधरा तास तो जमिनीवरच आहे.

आणि निरोप सकाळी सहाला न जाता दुपारी चारला गेला तर? छावणीतून बाहेर पडेपर्यंत सहा-सात वाजतात, रात्रीचे दिल्लीचे विमान मिळाले तरी पुढचे हैदराबादचे सकाळी. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो. डिसेंबर-जानेवारी असेल तर त्यात धुक्याची भर. पंजाब आणि दिल्लीत तेव्हा असे दाट धुके पडते की विमाने तासन् तास उभी राहतात आणि रेल्वेगाड्याही रखडतात. त्या दोन महिन्यांत माझ्या हिशेबात आणखी सहा तास घाला आणि मगच बोला.

अंतर तेच असते, वेळ मात्र कामाप्रमाणे बदलतो, हे लातूरकरांना मी काय सांगावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. साडेतीनशे किलोमीटरच्या आतलेच अंतर, माणसांच्या गाडीला त्याच्या निम्मादेखील वेळ लागत नाही. पण पाण्याच्या टाक्या घेऊन आदल्या दिवशी मिरजेहून निघालेली ती पहिली गाडी लातुरात पोचली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. फलाटावर रात्र काढलेल्या माणसांना नकाशावरच्या किलोमीटरचा काय उपयोग होता?

आता बाईंच्या पत्रातला खरा प्रश्न. थांबायचे की नाही. तो मी त्यांच्या वतीने ठरवणार नाही, कोणी बाहेरच्याने ठरवूही नये. पण इतकी वर्षे गावोगाव हिंडताना अनेक अंगणांत बसलो आहे, आणि तिथे जे घडताना पाहिले त्यावरून चार गोष्टी बोलतो.

पहिली गोष्ट निरोपाची. आपल्याकडे लांबच्या माणसाला खरे सांगत नाहीत. ‘तब्येत जरा बरी नाही, येऊन जा’ म्हणतात. पूर्वी तार करायचे तेव्हाही ‘फादर सिरियस’ एवढेच लिहायचे, जरी माणूस गेलेला असला तरी. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले, पण सवय राहिली. हेतू चांगला असतो, वाटेत पोराने धीर सोडू नये. परिणाम काय होतो? पोरगा समजतो की दोन-चार दिवसांची सवड आहे. तो रेल्वेचे तिकीट काढतो, किंवा साहेबाकडे जोर लावून सुट्टी मागत नाही. इकडे अंगणात पाचशे माणसे बसलेली, कोणी म्हणते निघाला, कोणी म्हणते दिल्लीत पोचला. बापाचे तोंड पाहायचे त्याचे दोन-तीन तास या गोड बोलण्यात जातात. खरे सांगा. त्याला एकट्याला सांगू नका, त्याच्या बरोबरच्या मित्राला किंवा वरच्या साहेबाला आधी सांगा, म्हणजे त्याला धरायला कोणी असेल. पण खरे सांगा. रेल्वेने यायचे की विमानाने, हे त्या एका वाक्यावर ठरत असते.

दुसरी, बोलणारा माणूस एकच ठेवा. दहा जणांनी दहा फोन केले की पोरगा तिकीट काढील कधी? घरातला एक शांत डोक्याचा माणूस नेमा, मग तो जावई असो की शेजारचा मास्तर. त्याने मुलाला एवढेच विचारायचे, तिकीट निघाले का, कुठल्या विमानतळावर किती वाजता उतरतो, आणि तिथे मोटार कोण पाठवणार. तिकीट हातात पडेपर्यंत अंगणात कोणतीही वेळ जाहीर करू नका. ‘येतोच आहे’ ही वेळ नव्हे.

विमानतळाचे नाव मुलाकडून नीट वाचून घ्या, हेही सांगून ठेवतो. दिल्लीच्या नावाने दोन ठिकाणी विमाने उतरतात. एक पालमचे मोठे विमानतळ, दुसरे गाझियाबादकडचे हिंडन. एकीकडे उतरून दुसरीकडचे विमान धरायचे असेल तर मध्ये अख्खी दिल्ली ओलांडावी लागते, आणि दिल्लीच्या रस्त्यांवर दीड-दोन तास सहज जातात. तिकीट काढून देणाऱ्या दुकानदाराला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. बर्फाच्या लाद्या आणि ओल्या चादरीवर माणूस किती तास ठेवता येतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे. लातूर आणि नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत शवागार आहे, शहरात शीतपेटी भाड्याने मिळते. ती मागवण्यात काही कमीपणा नाही. पण हे ठरवायचे ते आधी, मुलाचे तिकीट कळल्यावर लगेच. आठ-दहा तास वाट पाहून, मग धावपळ करून नव्हे. आणि हिशेब करून दिसले की तो उद्या संध्याकाळच्या आत येत नाही, तर त्याच्याशी फोनवर बोलून, त्याच्या तोंडून होकार घेऊन, पुढचे उरकावे. तो राख सावडायला येईल, दहाव्याला असेल. पुष्कळ घरांत असेच होते. फक्त मग त्याला पुढे आयुष्यभर ‘बापाला अग्नी द्यायला आला नाही’ असे ऐकवू नये. तो आला नाही असे नाही. वाट अठरा तासांची होती आणि ऊन त्रेचाळीसचे होते.

चौथी गोष्ट बाईंच्या पत्रातच आहे, त्यांच्याही लक्षात आली नसेल. मुलासाठी अख्खी भावकी तास मोजत बसते. मुलींसाठी कोण मोजते? लातूरची मुलगी दीड-दोन तासांत येते, म्हणून तिला फोन शेवटी. पुण्याची मुलगी, तिच्या सासरी आधी विचारायचे, मग सांगायचे. पुण्याहून अहमदपूरकडे मोटारीने आठ-नऊ तास लागतात. तिलाही पहिल्या फोनमध्येच सांगायला हवे. आणि मुलगा पोचत नसेल, मुलगी अंगणात उभी असेल, तर तिने अग्नी दिला तर बिघडले कुठे? लातूर-नांदेडकडच्या गावांतून हे आता घडते आहे, आणि ज्या घरात घडले त्या घराला कोणी वाळीत टाकलेले मी पाहिले नाही. भटजींनाही त्याची सवय होत चालली आहे. माझे हे मत काहींना रुचणार नाही. त्यांनी पत्र लिहावे, मी छापायला सांगेन.

परदेशातल्या मुलांबद्दलही कोणी ना कोणी विचारणार, कारण आपल्या लातूरच्या शिकवण्यांतून निघालेली शेतकऱ्यांची पोरे आता अमेरिकेपर्यंत पोचली आहेत. तिथे अंतराबरोबर घड्याळही बदलते. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत सुमारे चौदा हजार किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान तिकडून थेट बंगळूरला आले, चालवणाऱ्या सगळ्या बायका, आणि वाट काढली उत्तर ध्रुवावरून. भिंतीवरच्या नकाशात ही वाट वेडीवाकडी दिसते. पण शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या, त्या दोन गावांवर दोरा ताणून धरा, दोरा आपोआप वर ध्रुवाकडे सरकतो. तीच जवळची वाट. तरी हवेतच सतरा तासांच्या आसपास जातात. आता घड्याळ पाहा. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेतेरा तास मागे असते. आपल्याकडे सोमवारचे सकाळचे सहा म्हणजे तिकडे रविवारचे दुपारचे साडेचार. म्हणून ‘रविवारी संध्याकाळी निघाला, मंगळवारी पोचला, म्हणजे दोन दिवस लागले’ असे मोजू नका, आणि ‘आजच्या आज येतो’ म्हणाला तर त्याचा आज आणि तुमचा आज एकच आहे का ते विचारा. दारापासून दारापर्यंत अमेरिकेला दीड दिवसाच्या आत कोणी येत नाही. तिथल्या मुलासाठी थांबायचा विचारसुद्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आखातातल्या मुलाची गोष्ट निराळी. दुबईहून हैदराबाद साडेतीन-चार तासांचे, आणि वेळेत दीडच तासाचा फरक. तो अमृतसरच्या मुलाच्या आधी दारात येऊ शकतो. अंतराने लांब असलेला माणूस वेळेने जवळ असतो, तो असा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने, आणि ज्यांच्या घरातले कोणी लांब आहे त्या सगळ्यांनी, या आठवड्यात एक काम करावे. एका कागदावर मुलाचा नंबर, त्याच्या साहेबाचा किंवा मित्राचा नंबर, जवळची दोन-तीन विमानतळे, आणि रात्री-बेरात्री बोलावता येईल अशा मोटारवाल्याचा नंबर लिहून तो कागद देवघराशेजारी टाचून ठेवावा. मोटारवाल्याला हैदराबादला पाठवायचे तर झोप झालेला माणूस पाठवा. दिवसभर ऊस वाहून आलेल्याला रात्री सहा तासांच्या रस्त्यावर पाठवून एका घरातल्या दुःखाचे दोन करू नका. मुलाला सांगून ठेवा, त्याच्या आधारवरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक, बँकेत दुसरे आणि आधारवर तिसरे असे नाव असते, त्यापायी किसान सन्मानचे हप्ते अडतात हे तुम्ही पाहिलेच आहे. तिथे हप्ता अडतो, इथे माणूस दारावर अडेल. फौजेतल्या मुलांना काही विमान कंपन्या भाड्यात सवलत देतात, तीही त्याने आधीच विचारून ठेवावी, कारण ऐनवेळचे तिकीट फार महाग पडते.

घरातून कोणी म्हातारे माणूस पहिल्यांदा विमानाने जाणार असेल, मुलाकडे किंवा सुवर्णमंदिराला, तर त्यांच्या चंचीतला अडकित्ता आणि काड्याची पेटी घरीच काढून ठेवा. झडतीत ते काढून घेतात. अडकित्ता आजीच्या माहेरचा असतो आणि मग अमृतसरपर्यंत दुसरा विषय निघत नाही.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल पुढच्या अंकात लिहितो. तोवर शेतात पक्ष्यांसाठी मचाणे लावून घ्या, उशीर करू नका.